खचलेली ड्रेनेज लाइन आणि नळाचे पाणी

मोरी तुंबली की आपल्या घराघरांत एक ठरलेला क्रम सुरू होतो. जाळी काढून केस आणि कचरा उपसायचा, गरम पाणी ओतायचे, बाजारातून ॲसिड किंवा पावडर आणायची आणि तरीही पाणी हलले नाही तर प्लंबरला फोन करायचा. तो येतो, चेंबर उघडतो, स्प्रिंग घालतो आणि पाणी वाहू लागते. महिन्याभराने पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या-चौथ्या वेळी सोसायटीच्या बैठकीत 'वरच्या मजल्यावरचे लोक काहीही टाकतात' असा वाद होतो आणि विषय तिथेच संपतो.

तुंबणे आणि खचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुंबलेल्या नळात कचरा अडकलेला असतो, तो काढला की काम संपते. खचलेल्या नळाचा सांधा सुटलेला असतो, त्याला तडा गेलेला असतो किंवा माथाच आत कोसळलेला असतो. तिथे कचरा अडकणे हे लक्षण असते, आजार वेगळाच असतो. स्प्रिंग घालून वाट मोकळी झाली, तरी त्या फटीतून मैलापाणी रोज जमिनीत उतरत राहते. त्याच जमिनीत अनेक ठिकाणी पिण्याच्या पाण्याची नळी, जमिनीखालची टाकी किंवा विहीर असते. म्हणून हा प्रश्न प्लंबरइतकाच आरोग्य खात्याचाही आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा हे अनेकांच्या लक्षात आले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलेल्या तपासण्यांत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोन्ही पोटात जातात ते दूषित अन्नपाण्यातून. साहजिकच नांदेड गावातील विहिरीचे पाणी, टँकर आणि घरोघरच्या क्लोरीनचे प्रमाण यांची चर्चा झाली. आधी जुलाब होतात, ते थांबल्यासारखे वाटते आणि एक-दोन आठवड्यांनी पायातली ताकद जाऊ लागते. जुलाब झालेल्या फार थोड्यांना हा त्रास होतो, पण ज्यांना होतो त्यातल्या काहींना व्हेंटिलेटरवर जावे लागते. साथ ओसरली, चर्चाही ओसरली. जमिनीखालचे नळ मात्र बहुतेक ठिकाणी होते तसेच आहेत.

पावणेतीन फुटांचे अंतर

फुटलेल्या घरगुती ड्रेनेजने काय होऊ शकते याचा जगातला सर्वांत प्रसिद्ध दाखला लंडनचा आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीची साथ उसळली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद नकाशावर मांडली आणि एका सार्वजनिक पंपाचे हँडल काढायला लावले, ही गोष्ट वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो.

त्या पंपाची विहीर दूषित झाली कशी, हे तेव्हा कोणालाच सिद्ध करता आले नव्हते. स्थानिक धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा पंपासमोरच्याच ४० क्रमांकाच्या घरात साथीच्या सुरुवातीला एक तान्हे बाळ जुलाबाने आजारी होते, असे कळले. त्याच्या आईने दुपट्यांचे पाणी घरासमोरच्या मैलाटाकीत ओतले होते. एप्रिल १८५५ मध्ये तिथे खोदकाम झाले. घराच्या ड्रेनेजच्या आणि मैलाटाकीच्या विटा इतक्या ढिल्या झालेल्या आढळल्या की त्या हाताने उचलता येत होत्या. त्या टाकीपासून विहिरीपर्यंतचे अंतर होते २ फूट ८ इंच. पाणी झिरपल्याच्या खुणा मधल्या मातीत स्पष्ट दिसत होत्या.

म्हणजे मोठे धरण फुटले नव्हते की नदीत कारखान्याचे विष सोडले गेले नव्हते. एका घराचे ड्रेनेज खचले होते आणि ते कोणी उघडून पाहिले नव्हते.

आज आपल्याकडे विहिरीची जागा बऱ्याच ठिकाणी नळाने घेतली आहे. पण त्यात एक अडचण आहे. आपल्या बहुतेक शहरांत आणि गावांत पाणी ठरावीक तासच येते. पाणी चालू असते तेव्हा नळीत दाब असतो आणि एखाद्या भोकातून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब उतरतो, कधीकधी नळीत ओढ तयार होते आणि बाहेरचे पाणी त्याच भोकातून आत शिरते. बाहेर फुटलेल्या ड्रेनेजचा चिखल असेल, तर आत काय येते हे सांगायला नको. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटे त्याला वास येतो, पाणी गढूळ दिसते, अशी तक्रार ज्या घरांत असते तिथे हा संशय आधी घ्यायला हवा. गळती दोन्ही नळ्यांना असावी लागते. जुन्या वस्त्यांमध्ये तो योग दुर्मिळ नाही.

नळ खचतो कशामुळे?

*जुने खापरी नळ.* जुन्या वाड्यांत, चाळींत आणि अनेक जुन्या इमारतींत जमिनीखाली चिनी मातीचे तपकिरी नळ आहेत. हा माल मुळात टिकाऊ. ॲसिडने किंवा मैल्याने तो सहसा झिजत नाही. त्याची कमजोरी सांध्यात आहे. हे नळ आखूड असतात, त्यामुळे दर दोन-तीन फुटांवर सिमेंटने भरलेला एक सांधा येतो. जमीन थोडी हलली की सिमेंट तडकते आणि तिथून गळती सुरू होते.

*गळतीने पोखरलेली माती.* ही पायरी समजली की बाकी सगळे समजते. सांध्यातून पाणी बाहेर झिरपते आणि भोवतालची माती सैल होते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की ते उलट त्याच फटीतून नळात शिरते आणि येताना बारीक माती घेऊन येते. ती माती वाहून जाते आणि नळाखाली पोकळी राहते. आधार गेलेला नळ वाकतो, सांधा आणखी उघडतो आणि एक दिवस तो कोसळतो. वर पेव्हर ब्लॉक असतील तर ते काही दिवस कमानीसारखे तग धरतात, मग एकदम खाली जातात. अंगणात अचानक पडलेल्या खड्ड्यामागे बऱ्याचदा कित्येक महिन्यांची गळती असते.

*काळी माती.* महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी कसदार जमीन आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दर वर्षी वर-खाली होणाऱ्या या जमिनीत थेट टाकलेला नळ फार वर्षे सरळ राहत नाही. घराचा पाया पक्का असतो, तो हलत नाही. नळ जमिनीबरोबर हलतो. त्यामुळे भिंतीतून नळ बाहेर पडतो नेमका त्याच जागी तो तुटतो.

*झाडांची मुळे.* वड, पिंपळ, उंबर यांच्यावर सगळा दोष टाकला जातो. धडधाकट, न गळणाऱ्या नळात मूळ सहसा घुसत नाही. आधी सांधा गळतो, भोवती ओल आणि खत मिळते, मग केसाएवढे मूळ आत शिरते. आत त्याची जटा होते, ती कचरा अडवते आणि जाड होत गेल्यावर सांधा फोडते. म्हणून नुसते झाड तोडून किंवा दर वर्षी मुळे कापून उपयोग नाही. सांधा बदलावा लागतो.

*घुशी.* मोडक्या नळात घुशीला घर आणि अन्न दोन्ही मिळते. ती नळाभोवतीची माती उकरते आणि उरलासुरला आधारही काढून टाकते. शिवाय घुशी-उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराचे रुग्ण किती वाढले होते, हे अनेकांना आठवत असेल.

*वरून पडणारा भार.* अंगण म्हणून बांधलेल्या जागेत आज चारचाकी उभ्या राहतात आणि पाण्याचे टँकर येतात. वीतभर मातीखालचा नळ हा भार पेलू शकत नाही. पुनर्विकासाच्या वेळी आलेले डंपर शेजारच्या इमारतीची लाइन मोडून जातात, हेही नेहमीचे.

*दुसऱ्याचे खोदकाम.* केबल, गॅस, पाणी यांसाठी चर खणताना ड्रेनेजला धक्का लागतो. मजूर वर माती लोटून मोकळे होतात. तक्रार येते ती पहिल्या मोठ्या पावसात, तेव्हा ठेकेदार कोण होता हे कोणाला आठवत नाही.

*कामातली काटकसर.* पीव्हीसी नळ आला की प्रश्न मिटला, असा समज आहे. पण भिंतीवर लावायचा पातळ नळ जमिनीत पुरला, खाली वाळू न घालता दगडगोट्यांवर ठेवला आणि वर राडारोडा लोटला, तर तो काही वर्षांत चपटा होतो किंवा टोकदार दगडाने फुटतो. जमिनीखालच्या ड्रेनेजच्या पीव्हीसी नळासाठी आयएस १५३२८ हे वेगळे भारतीय मानक आहे. इमारतीच्या भिंतीवरच्या नळाचे मानक आयएस १३५९२. खरेदी करताना नळावर छापलेला क्रमांक वाचायला एक मिनिटही लागत नाही.

खचल्याची ओळख

घरातला एकच बेसिन तुंबला असेल, तर दोष बहुधा घरातच आहे. तळमजल्यावरचे संडास, मोरी आणि बेसिन एकाच वेळी मंद झाले, वरच्या मजल्यावर पाणी सोडले की खालच्या नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज येतो किंवा पाणी वर येते, तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे. साफ केल्यावर ठरावीक दिवसांनी तीच जागा पुन्हा तुंबते, चेंबरमध्ये माती, खडी किंवा खापराचे तुकडे येतात, भर उन्हाळ्यात एखाद्या पट्ट्यात ओल राहते किंवा गवत जास्तच हिरवे दिसते, फरशी बसते, झुरळे आणि घुशी वाढतात, ही खचण्याची लक्षणे. वरचा चेंबर भरलेला आणि पुढचा कोरडा असेल, तर मोडलेली जागा त्या दोघांच्या मध्ये आहे हे उघड आहे.

खात्री करायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. दोन चेंबरमधली लाइन सरळ असेल, तर एका बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि दुसऱ्या चेंबरमध्ये तिरका आरसा धरून पाहावे. पूर्ण गोल दिसला तर नळ सरळ आहे. अर्धचंद्र दिसला तर तो वाकला आहे. काहीच दिसले नाही तर मध्ये अडथळा आहे. दुसरी चाचणी पाण्याची. खालचे तोंड फुग्याने किंवा बुचाने बंद करून लाइन भरायची आणि अर्धा तास पातळी पाहायची. पातळी झपाट्याने उतरली तर गळती आहे. लांब लाइन असेल किंवा वर पक्के काँक्रीट असेल, तर कॅमेरा आत घालून तपासणी करून घेणे स्वस्त पडते, कारण खणायचे कुठे हे नेमके कळते.

या सगळ्यात एक गोष्ट करू नये. चेंबरमध्ये माणूस उतरवू नये. त्यात हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. 'वास गेला, आता उतर' असे म्हणणे म्हणजे माणसाला मरणाच्या दारात ढकलणे आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा मैलाटाकीत माणूस उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. हा कायदा महापालिकेइतकाच खासगी सोसायटीलाही लागू आहे, याची आठवण अनेक कार्यकारिणींना करून द्यावी लागते.

दुरुस्ती कशी करावी?

ॲसिड आणि कॉस्टिक खचलेल्या नळावर निरुपयोगी आहेत. उलट ते फटीतून जमिनीत उतरतात आणि पुढे काम करणाऱ्याच्या हातापायांवर येतात. जोरदार पाण्याच्या जेटने मोडका नळ आणखी मोडू शकतो, म्हणून जेट मारण्याआधी नळाची अवस्था पाहून घ्यावी.

माथा कोसळला असेल तर खणून तेवढा भाग बदलणे हाच उपाय. त्यात नळापेक्षा नळाखालची जागा महत्त्वाची. चर पुरेसा रुंद हवा, तळाशी चार इंच वाळू किंवा बारीक खडीचा थर हवा, नळाच्या दोन्ही कुशींना तोच माल दाबून भरायला हवा आणि वर निदान वीतभर थर झाल्याशिवाय दगडमाती टाकू नये. उताराचा जुना हिशेब सोपा आहे: चार इंची नळाला ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट. काळ्या मातीत भिंतीबाहेरचा पहिला सांधा लवचीक रबरी रिंगचा ठेवावा, म्हणजे जमीन हलली तरी नळ तुटत नाही. वरून गाड्या जाणार असतील तर नळ तीन फूट खोल हवा. तेवढी खोली मिळत नसेल तर वरून काँक्रीटचे संरक्षण द्यावे. चर बुजवण्यापूर्वी पाण्याची चाचणी घ्यावी आणि फोटो काढून ठेवावेत. बुजवलेल्या कामाचा दुसरा पुरावा नसतो.

नळाला तडे आहेत, सांधे गळतात, पण आकार शाबूत आहे, अशा वेळी न खणता आतून अस्तर देता येते. राळेत भिजवलेली कापडी नळी आत घालतात, ती फुगवून भिंतीला चिकटवतात आणि गरम पाण्याने किंवा वाफेने कडक करतात. १९७१ मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरलेले हे तंत्र आता आपल्या मोठ्या शहरांतही मिळते. पूर्ण कोसळलेल्या किंवा खोल झोल पडलेल्या नळाला ते चालत नाही. कंत्राटदार कॅमेऱ्याने न पाहताच अस्तराची शिफारस करत असेल तर थांबावे.

नवीन लाइन टाकताना पाण्याची नळी आणि ड्रेनेज यांत आडवे अंतर तीन मीटर असावे आणि दोन्ही एकमेकांना ओलांडत असतील तर पाण्याची नळी निदान अर्धा मीटर वर असावी, असा आपल्याकडचा अभियांत्रिकी नियम आहे. चाळींत आणि गल्ल्यांत तीन मीटर मिळत नाहीत हे खरे. पण पाण्याची नळी वर, मैल्याची खाली, एवढे तरी पाळता येते. ब्रॉड स्ट्रीटवर घात केला तो थोडक्या अंतरानेच.

दुरुस्ती होईपर्यंत

ड्रेनेज खचल्याचा संशय असेल तेव्हापासून पिण्याचे पाणी उकळावे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरेसे आहे. नुसत्या कापडाने गाळलेले पाणी सुरक्षित नसते. पाणी आल्यावर सुरुवातीचे पाणी जमिनीखालच्या टाकीत घेऊ नये. टाकीच्या भिंतीतून ओल आत येते का ते पाहावे. दुरुस्तीनंतर टाकी रिकामी करून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक करावी. ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत ओटी चाचणी करून मिळते. नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवे. जिथे रोज क्लोरीन घालूनही ते शून्य येते, तिथे मध्येच कुठेतरी घाण शिरते आहे असे समजावे.

आजारांचे वेळापत्रकही ध्यानात ठेवायला हवे. पटकी काही तासांपासून पाच दिवसांत दिसते. टायफॉइडला एक-दोन आठवडे किंवा अधिक लागतात. हिपॅटायटिस ई म्हणजे पाण्यातून पसरणारी कावीळ दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी पाणीपुरवठ्याच्या उपशापर्यंत पोहोचले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, तेव्हाही रुग्ण दिसू लागेपर्यंत आठवडे उलटले होते. त्यामुळे नळ दुरुस्त झाल्यावर महिन्याभराने इमारतीत कावीळ निघाली, तर तिचा संबंध कोणी त्या नळाशी लावत नाही. गर्भवती महिलांमध्ये, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ही कावीळ जिवावर बेतू शकते. इमारतीत ड्रेनेज फुटले असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, त्यांना निदानाची दिशा मिळते. जुलाब झालेल्याला ओआरएस लगेच सुरू करावे. जुलाबानंतर हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तर घरी थांबू नये.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामायिक ड्रेनेज लाइन आणि मैलाटाकीची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी आहे. तळमजल्यावरच्या घरात पाणी येते म्हणून त्याच सदस्याने खर्च करावा, हा युक्तिवाद टिकत नाही. कुंपणाबाहेरची लाइन महापालिकेची. भांडण होते ते मधल्या शेवटच्या चेंबरवरून आणि त्या भांडणात महिने जातात. भाडेकरूंच्या जुन्या वाड्यांत तर मालक, भाडेकरू आणि पालिका तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. जिथे भांडणाला जागाच नाही अशा झोपडपट्टीत नळ कोणाचा, याची नोंदही नसते.

इथे धोरणाचा प्रश्न येतो. रस्ता खणण्याची परवानगी देताना खालच्या ड्रेनेजची खणण्यापूर्वीची आणि नंतरची कॅमेरा तपासणी बंधनकारक करता येईल. इमारतीच्या संरचनात्मक तपासणीत जमिनीखालच्या नळांचाही समावेश करता येईल. एखाद्या भागात जुलाबाचे किंवा काविळीचे रुग्ण वाढले, तर आरोग्य विभागाने मलनिस्सारण विभागाकडून त्या भागातल्या तुंबण्याच्या तक्रारी मागवाव्यात. ही माहिती त्याच महापालिकेत दोन वेगळ्या टेबलांवर पडलेली असते. दोन याद्या शेजारी ठेवायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. १८५४ मध्ये एका डॉक्टरने कागदाच्या नकाशावर तेच केले होते.

सोसायटीपुरते बोलायचे तर मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, सगळे चेंबर उघडून टॉर्च आणि आरसा घेऊन अर्धा दिवस काढावा. कोणती लाइन कुठून जाते याचा साधा नकाशा करून तो कार्यालयात लावावा. यंदा एकच चेंबर तीनदा साफ करावा लागला असेल, तर चौथ्या वेळी प्लंबरला स्प्रिंगबरोबर कुदळही आणायला सांगावे.